सातव्या गाण्यावर मी दिलेलं मत

माझ्या आवाजावर बारा माणसं हसली. तेरावी मी.

इंग्लंडमधल्या लेस्टरमधलं घर. मेधाताईंचं. त्या इथल्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टर होत्या, आता रिटायर झाल्यात. घराच्या मागच्या अंगाला काचेची खोली आहे, कॉन्झर्व्हेटरी म्हणतात तिला. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही मराठी माणसं तिथं जमतो. महिनाभर सगळ्यांनी आपापल्या घरी एकच काहीतरी ऐकायचं, आणि रविवारी गोल बसून एकेकानं मत द्यायचं. ऐकणाऱ्यांचा कट्टा, असं नाव ठेवलंय. सौरभ म्हणून पुण्याचा मुलगा आहे, सॉफ्टवेअरमधला. तो सगळ्यांची मतं फोनवर रेकॉर्ड करतो आणि कट्ट्याच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकतो. कुणीही जाऊन ऐकावं.

त्या महिन्यात त्यानं एक इंग्लिश रॅपचा अल्बम निवडला होता. म्हणाला, "लोकल मुलगी आहे, टोपणनावानं गाते. मराठी असावी. नऊ गाणी आहेत, पण सगळी मिळून एकच स्टोरी. आजीची, वडिलांची, मग तिची. इथले गोरे लोक पण वेडे झालेत." आणि त्यानं सातवं गाणं लावलं.

त्या गाण्यात मध्येच ताल थांबतो. मुलगीही थांबते. एक म्हातारी मराठीत बोलायला लागते, मागे नळ वाहतोय. "गुर्जी म्हनले, तू पडद्यामागं ऱ्हा. तोंड दावू नगंस."

मेधाताईंना हसू आलं. "कुठून शोधून आणली ही बाई? आमच्याकडे भांडी घासायला यायची ना, डिट्टो तिचा आवाज. सौरभ, परत लाव रे."

त्यानं परत लावलं. कोपऱ्यातल्या एकानं हुबेहूब नक्कल केली. सगळी खोली हसली.

ती म्हातारी मी. नळ माझ्या किचनमधला. अल्बम करणारी माझी नात.

तुम्ही म्हणाल, समोर बसलेल्या बाईचा आवाज कुणालाच कसा कळला नाही. कसा कळेल? त्या खोलीत मी तशी बोलतच नाही. लग्न होऊन शहरात आले तेव्हा मी खरंच भांडी घासायची, चार घरी. त्यातल्या एका ओट्यावर रेडिओ असायचा. बातम्या देणारी बाई जशी बोलायची तशी मी राखेनं कढई घासता घासता पुटपुटायची. शाळा चौथीपर्यंतच झालेली. पण वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून वाचायला आलं, आणि रेडिओ ऐकून बोलायला आलं. ज्यांची भांडी घासायची त्यांच्यासारखं. मुलगा नर्स होऊन इकडे आला, माझे मालक वारल्यावर त्यानं मला बोलावून घेतलं, तेव्हा मी कपड्यांच्या दोन बॅगा आणल्या आणि हे बोलणं आणलं. हे लिहितेय तेही त्याच बोलण्यात. सवय लागली, सुटत नाही.

आडनावही आम्ही बदललेलं. मुलानं गावाच्या नावाला 'कर' लावला. पहिल्या दिवशी मेधाताईंनी विचारलं होतं, "कर म्हणजे आपल्यातलेच?" मी हसले होते. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सहा वर्षं त्या एका हसण्यावर काढली मी त्या घरात.

आता गाण्यातलं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी चौथीत होते. शाळेत कुणी मोठे पाहुणे येणार होते. स्वागताचं गाणं बसवायचं होतं, आणि अख्ख्या शाळेत आवाज होता तो माझा. पण मी महारवाड्यातली. गुरुजींनी तोडगा काढला. व्हरांड्यात दोरी बांधून सतरंजी टांगली. पुढे सरपंचांची सुमन, नवीन परकर, दोन वेण्या, लाल रिबिनी. मागे मी. तिनं नुसतं तोंड हलवायचं. गाणं मी म्हणायचं.

म्हटलं. दोन कडवी, सगळं.

पाहुणे खूश झाले. सुमनला कंपासपेटी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सतरंजीमागे मीही वाजवल्या. गुरुजींनी मागे येऊन पाहिलं आणि म्हणाले, "शहाणी पोर आहे." मला मागच्या गल्लीनं घरी पाठवलं. आणि मी त्या 'शहाणी'वर खूश. कितीतरी वर्षं खूश. मुलाला सांगितलं नाही, मालकांना सांगितलं नाही. नातीला सांगितलं, कारण तिनं विचारलं. ही पोर लहानपणापासून कानात ते हेडफोन घालून टेबलावर बोटं वाजवत असते. एकदा म्हणाली, "आजी, तू गाणं गायची का? मग आता का नाही गाते?" मी भांडी विसळत होते. नळ बंदही केला नाही. सांगत गेले, घरच्या बोलीत, जशी आई बोलायची तशी. तिनं फोन ओट्यावर ठेवलेला होता. मला विचारूनच ठेवलेला. हे गाण्यात घेऊ का, तेही विचारलं होतं. मी म्हटलं होतं, घे.

घे म्हणताना वाटलं होतं, इथं कोण ऐकतंय.

तर त्या रविवारी मतं सुरू झाली. एक जण म्हणाला, बीट चांगला आहे पण शिव्या फार. एक बाई म्हणाल्या, मुलीनं वडिलांबद्दल जे लिहिलंय, नाइट शिफ्टवरून येऊन तो पायऱ्यांवर बसून बूट काढतो ते, तिथं मला रडू आलं. खरं सांगते, त्या बाईंकडे पाहून मला सांगावंसं वाटलं, तो माझा मुलगा. नाही सांगितलं. मेधाताईंचे यजमान म्हणाले, "इंग्लिशमध्ये टॅलेंट आहे. पण हे आजीचं प्रकरण म्हणजे टाळ्या मिळवायची युक्ती. गोऱ्यांपुढे आपलंच चव्हाट्यावर आणायचं." कुणी म्हणालं, असं कुठे असायचं, सतरंजी काय, पडदा काय, सिनेमा वाटतो.

मग मेधाताई माझ्याकडे वळल्या. "आजी, तुम्ही गावाकडच्या. त्या काळातल्या. तुम्हीच सांगा. असं व्हायचं?"

सौरभनं फोन माझ्यापुढे धरला. लाल ठिपका लागलेला.

मी म्हटलं, "नाही हो. आमच्या गावात असं काही नव्हतं. सगळी मुलं एकत्रच शिकायची. मुलीनं रंगवून सांगितलंय."

रेडिओवरच्या बाईच्या आवाजात. स्वच्छ. एकही शब्द अडखळला नाही.

"बघा," मेधाताई म्हणाल्या. "आजी किती समजूतदार आहेत." आणि माझ्या पुढ्यात ढोकळ्याची ताटली सरकवली. मी दोन तुकडे खाल्ले. खाल्ले, हेही सांगायलाच पाहिजे.

सौरभनं सगळी मतं पानावर टाकली. कुणीतरी माझं तेवढं उचललं आणि अल्बम जिथं ऐकायला मिळतो तिथं खाली, लोकांच्या मतांमध्ये, नेऊन चिकटवलं. इंग्लिशमध्ये लिहिलं, त्या काळातली, त्याच भागातली म्हातारी स्वतः सांगते की हे खोटं आहे. तोपर्यंत तिथं लोक चांगलं लिहीत होते. एकानं लिहिलं होतं, सातव्या गाण्याला मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून बसलो. एका मुलीनं लिहिलं होतं, माझ्या आजीनं आम्हाला कधीच काही सांगितलं नाही, आज तिला फोन केला. त्याच्याखाली आता दुसरीच मतं येऊ लागली. बनाव आहे. कहाणी विकते. बळी असल्याचं नाटक करते.

इथल्या रेडिओवर नातीची मुलाखत झाली. मी किचनमध्ये ऐकत होते. बाईनं गोड आवाजात विचारलं, तुमच्याच लोकांमधली एक वयस्कर बाई म्हणते असं घडलंच नाही, तर ही गोष्ट तू रचलीस का?  नात म्हणाली, माझ्या आजीनं मला सांगितलंय आणि माझा आजीवर विश्वास आहे.

तिनं ते रेकॉर्डिंग आधीच ऐकलं होतं. आवाज ओळखला होता. ती बाई कोण, हे तिनं त्या रेडिओवर सांगितलं असतं तर सुटली असती. नाही सांगितलं. मला झाकलं.

दुसऱ्या दिवशी आली. कोट काढला नाही. फोन ओट्यावर ठेवला आणि माझं मत मला ऐकवलं. पूर्ण.

"आजी, ही तुझा आवाज आहे ना?"

मी मान हलवली.

"मग मी लाय केली का?"

"नाही बाळा."

"मग तू का असं बोलली? तुला कोणी फोर्स केला?"

कुणी केला होता? कुणीच नाही. मेधाताईंनी मत विचारलं आणि मी दिलं. गुरुजींनी निदान मला सतरंजीमागे ढकललं तरी होतं. या खेपेला मी आपल्या पायांनी गेले, आणि माझ्याऐवजी पोरीला लोकांपुढे उभं केलं शिव्या खायला. तिला हे सांगायला तोंड उघडलं, तर बाहेर काय आलं? "चहा टाकू का?"

ती गेली. त्यानंतर आलेली नाही. तिचा बाप जेवताना ताटाकडे बघून जेवायचा. एकदाच म्हणाला, "आई, मी कर लावला तो नोकरीसाठी. तिला खोटं पाडायला नाही."

पुढच्या महिन्यातल्या रविवारी कट्ट्यावर गेले. कुठल्या तरी पुस्तकावर बोलायचं होतं. मी सौरभला म्हटलं, "आज माझं मत आधी घे." त्यानं फोन धरला. ठिपका लागला.

"मागच्या खेपेचं सातवं गानं. त्यातली म्हातारी मी हाय. पोर माझी नात. मी महारवाड्यातली. तिनं सांगितलं ते समदं घडलं, आन् मी हितं खोटं बोलले."

 मेधाताईंचे यजमान म्हणाले, "आजी, चेष्टा करताय का?"

"न्हाई."

मेधाताई म्हणाल्या, "मग त्या दिवशी का नाही बोललात?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "भ्याले."

"कुणाला? आम्हाला? आम्ही कधी तुम्हाला वेगळं वागवलं? आमच्या पंगतीला जेवलात तुम्ही. गौरीला सवाष्णींची ओटी भरायला मदत केलीत."

"तुमाला ठावं नव्हतं, ताई."

 डॉक्टर जसा पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतो, तशा मेधाताई बोलल्या. "बरं. झालं ते झालं. सौरभ, आजींचं ते जुनं मत पानावरून काढून टाक. विषय संपला."

"काढायचं न्हाई," मी म्हटलं. "त्ये माझं खोटं हाय. माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या. त्याच्याखाली आजचं लावा."

"इथे जातीपातीचं नको, आजी. कट्ट्याचा तसा नियमच आहे."

"भांडी घासणारीला हसलो तवा त्यो नियम कुटं गेलता?"

मी सौरभकडे पाहिलं. ठिपका विझलेला होता. कधी बंद केला कोण जाणे. मुलगा वाईट नाही, मला बसस्टॉपपर्यंत सोडायला येतो. पण बंद त्यानंच केला. त्या दिवशी मी एकटीच गेले.

घरी येऊन टेबलाशी बसले. एका बोटानं टाइप करते मी, एक ओळ लिहायला दहा मिनिटं. अल्बमखाली जाऊन मराठीत लिहिलं. ती म्हातारी मी. हे असं असं घडलं. आधीचं मत माझंच, ते भिऊन दिलं, ते खोटं. खाली नाव लिहिलं, शाळेच्या दाखल्यावर आहे तसं. बापाचं नाव, माहेरचं आडनाव, गाव, तालुका.

उत्तरं आली. एकानं लिहिलं, नातीला वर आणायला आजी कामाला लागली. एकानं लिहिलं, इतकी वर्षं झाली, विसरा आता. सोलापूरकडच्या एका बाईनं लिहिलं, माझ्या आईनं लिहिलेला निबंध असाच दुसरीच्या नावानं वाचला गेला, पण आई आता नाही, विचारणार कुणाला. एकानं नुसतं हसणारं तोंड टाकलं.

नातीचा फोन आला. "वाचलं, आजी."

"बरं."

"मला टाइम पाहिजे."

"घे."

माफ कर म्हटलं नाही मी तिला. तोंडून निघत होतं, गिळलं. तिनं हो म्हटलं असतं, लाडाची आहे. आणि मी परत त्या सुखात बसले असते, मी किती शहाणी म्हणून.

काल मेधाताईंचा फोन आला. आजी, राग धरू नका, येत्या रविवारी या, झालं गेलं सोडून देऊ. मी सांगितलं, येणार. पण सोडून द्यायला येणार नाही. फोन चालू ठेवून ऐकणार असाल तर खोलीत बसून बोलेन, नाहीतर दारात उभी राहून बोलेन. बोलणार माझ्या आईच्या बोलीत. मुलीनं रंगवून सांगितलं म्हणणाऱ्याला तोंडावर विचारणार, कुठला शब्द रंगवलेला, दाखव.

अल्बमच्या पानावरही रोज सकाळी बसते. खोटं म्हणणाऱ्या प्रत्येकाला उत्तर लिहिते. एक बोट आहे, पुरतं. नात परत येईल, न येईल, तो तिचा हक्क. पण माझी पोर खोटारडी नाही. खोटारडी मी होते. हे मी नावानिशी, गावानिशी सांगत राहणार, ऐकणाऱ्यांचा धीर संपेपर्यंत नाही, माझा जीव संपेपर्यंत.