साधनाच्या गुन्ह्यांची वही

मी जळकी आहे, आधीच सांगून टाकते. धाकटी जाऊ साधना अमरावतीला नोकरी करते. महालक्ष्म्यांचे तीन दिवस तेवढी अकोटला येते. सोळा भाज्या मी चिरते, पुरण मी वाटते, आणि आमच्या सासूबाई, पार्बताबाई, पाहुण्यांना सांगतात, "आमच्या साधनानं केलं." यंदा नवऱ्याला बजावलं, महालक्ष्म्यांना मी माहेरी जाणार. तेव्हापासून छातीत धडधड सुरू. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही, म्हणून अमरावतीच्या रश्मी मॅडमकडे पाठवलं. त्या समुपदेशक.

मला वाटलं, मॅडम साधनाला बोलावून चार शब्द सुनावतील. आमच्याकडे भांडण असंच मिटतं. त्यांनी मात्र मलाच अभ्यास दिला: काय घडलं, मनात काय आलं, ते किती टक्के खरं वाटतं, पुरावा काय, सगळं लिहायचं. दर आठवड्याला भेट, अशा दहा-बारा. मी आठ पानं भरून नेली.

"शकुनताई, हे तर साधनाचे गुन्हे झाले. तुमच्या मनात काय आलं?"

अस्सा राग आला! एसटीत उभ्यानं आले ते हे ऐकायला? तिथेच रागात लिहिलं: सासूबाईंना साधनाच आवडते, या घरात माझी किंमत शून्य. शंभर टक्के खरं.

"सासूबाईंना विचारून पाहाल?" मॅडम म्हणाल्या.

विचारलं. त्या तूर निवडत होत्या.

"आवडते न. थे हासून बोलते. तू काहून विचारून राहिली?"

पुढच्या भेटीत मी जिंकल्यासारखं सांगितलं, घ्या, खरं निघालं! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अर्धं खरं निघालं. किंमत शून्य, हे कोण म्हणालं?"

मी वही चाळली. सगळ्यांचे टोमणे तारीखवार लिहिलेले होते. हे वाक्य कुणाच्याच नावावर नव्हतं. मला तिथे रडू आलं.

महालक्ष्म्यांना घरीच थांबले. पंगत बसली, सासूबाई सुरू झाल्या, "आमच्या साधनानं..."

"आई, सयपाक मी केला," मी म्हटलं. छाती धडधडत होती.

"हो, सगळा ताईनंच केला. मी तं आत्ता आली," साधना हसून म्हणाली. एवढं सोपं, एवढं गोड तिला कसं बोलता येतं, म्हणून मी पुन्हा जळले.