कुटाराच्या उशा

मामाजी गेल्याचा फोन आला, तेव्हा माझे हात थर्माकोलच्या दाण्यांनी भरले होते. पिंपळगाव राजाहून नणंद रडत रडत सांगत होती. डोळे पुसायला हात वर केला, तर ते पांढरे दाणे गालाला चिकटले. इतकी किळस मला कधी कशाची आली नव्हती... थर्माकोलची, आणि माझीही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मेहकरजवळच्या आमच्या घरातून मी लिंबाचं लोणचं काचेच्या बरण्यांत भरून पुण्या-मुंबईला पाठवते. बरण्या फुटू नयेत ही काळजी त्यांची. गव्हाचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ते दोन दिवस उन्हात वाळवत, चाळत आणि कडुलिंबाचा पाला घालून जुन्या धोतराच्या लहान लहान उशांत शिवत. दोन उशांमध्ये बरणी, वरून खोकं. मग ते खोकं कमरेइतक्या उंचीवरून अंगणात धपकन टाकायचे. मी कानांवर हात ठेवायचे. "काऊन भेते सूनबाई? इथं फुटली त चालते, गिऱ्हाइकाच्या दारात नाई."

एका भादव्यात ते लेकीकडे गेले असताना ऑर्डरी तुंबल्या. मला धीर कुठला! ऊन न दाखवताच मी दमट कुटार उशांत कोंबलं. खोकी पुण्यात उघडली तेव्हा आत बुरशी आणि वळवळत्या अळ्या. गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो पाहून मला ओकारी आली. नवऱ्याने विचारलं, तर मी बोलून मोकळी झाले, "मामाजीचं कुटारच तसं हाय." मामाजी नुकतेच परतले होते, दारात चपला काढत होते. त्यांनी ऐकलं. कुटाराच्या ढिगात हात घातला. ओल बोटांना लागलीच असणार. "हाव... असंन," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर घरात थर्माकोल आला. दाणे अंगणभर, तुळशीत, रांजणात, कोंबड्यांच्या चोचीत. मामाजी वाकून वाकून वेचत राहायचे. मला तो टोमणा वाटायचा. माफी मागायचं रोज ठरवायचे... तोंड उघडलं नाही.

तेरवीनंतर त्यांचा फोटो मेहकरला मढवायला दिला. दुकानदाराने तो थर्माकोलच्या पट्ट्या लावून बांधला. घरी येईपर्यंत काच तडकली, नेमकी त्यांच्या कपाळावर. शिवी हासडून मी त्या पट्ट्या भिरकावल्या. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांच्या खाटेखाली हात घातला. बारा उशा निघाल्या. एक उसवली, तर आतला पाला अजून हिरवा होता. म्हणजे लेकीकडे शेवटचं जायच्या आधीच शिवलेल्या. कोणी मागत नसताना.

नवी काच बसवलेला फोटो त्यातल्याच दोन उशांमध्ये धरून मी एसटीने आणला. भिंतीवर टांगला आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "ते कुटार ओलं होतं. मीच भरलं होतं."

"बाबाले मालूम होतं," तो म्हणाला. "तवाच मले म्हने, सूनबाईले काई बोलू नोको."

आज त्यांच्या उशांत पहिली बरणी बांधली आणि खोकं अंगणात टाकलं. फुटली नाही. उचलताना उशीच्या घडीत एक पांढरा दाणा दिसला. नखाने काढला, तर बोटाला चिकटून बसला.