जिलबी, बुंदी, चारोळी आणि मधली मी

दात दातांवर घासल्याचा तो बारीक, कोरडा कडकडाट. जणू कुणी मूठभर कच्चे हरभरे लोखंडी तव्यावर फिरवावेत! हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात ओसरीवर बसले असता तो आवाज कानी पडला आणि माझ्या अंतःकरणात निद्रिस्त असलेली सासू खडबडून जागी झाली. वास्तविक ती फार गाढ झोपते अशातला भाग नाही. मी उठले, कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं आणलं आणि दांडगाई करणाऱ्या त्या बाईसाहेबांना उचलून कोपऱ्यात त्याखाली झाकून टाकलं. न्याय केला! आपल्या त्या मूर्खपणाचं मला इतकं कौतुक वाटलं, की त्या आनंदात मी चहात साखरही जास्त घातली.

बाईसाहेब म्हणजे जिलबी. माझ्या नातीच्या, पूर्वाच्या, तीन गिनीपिगांतली तांबूस, भरदार, थोरली. दुसरी बुंदी, स्वभावाने तटस्थ, खाण्यावर निष्ठा असलेली. आणि तिसरी चारोळी, काळी, इवलीशी, नुकतीच आणलेली. तिघीही माद्या. वरठीला मुलाच्या घरी रंगकाम निघालं, म्हणून त्यांची रवानगी आसगावला माझ्याकडे झाली. “आजी, भांडल्या तर घाबरू नको,” असं पोरगी जाताना बजावून गेली होती. पण ज्या बाईने आयुष्यभर भांडणांवर मत दिलं, तिला कुणी असं बजावून भागतं का?

खरं सांगू? त्या भांडणाकडे पाहत राहावं असं त्यात काही होतं. कलहालाही केवढा शिष्टाचार असावा! आधी कंठातून एक घुमारा उठतो, त्याने सर्वांग थरथरतं. मग कंबर हेलकावत, पावलं मोजत, एकजण दुसरीभोवती मिरवते. तेवढ्याने भागलं नाही तर दोघी समोरासमोर उभ्या राहून हनुवट्या वर करतात. जिची हनुवटी उंच, तिचा मान मोठा. नखाचा ओरखडाही न उमटता अर्धं युद्ध असं आकाशाकडे बघतच लढलं जातं.

आणि मला आठवली ती नवी नवरी, म्हणजे मीच, जिला वाटत होतं की या घराला चव तिच्या फोडणीपासूनच लागली! माझी थोरली जाऊ, जिला सगळं गाव बाई म्हणतं आणि मीही, चुलीपुढून हलायची नाही. ती पळी आपटायची, मी झाकण आपटायचे. हनुवट्या दोघींच्या अशा अंतराळात, की खाली भात करपतो आहे हे दोघींपैकी एकीलाही दिसू नये. मग मी डोळ्यांत टपोरं पाणी आणून सासूबाईंकडे धावायचे. ते पाणी मला हवं तेव्हा आणता येई. ती एकच विद्या मी माहेराहून उत्तम शिकून आले होते. सासूबाई न्यायी होत्या. त्या बाईला रागावत, मला गूळ देत. आणि दुसऱ्या दिवशी पळी पुन्हा आपटत असे.

माझ्या डाल्याचंही तेच झालं. जिलबीची शिक्षा संपवून तिला परत सोडलं, की अर्धवट राहिलेला तंटा जणू पहिल्या अक्षरापासून सुरू होई, आणि दर वेळी अधिक त्वेषाने. चारोळी लाकडी खोक्यात शिरे. खोक्याला तोंड एकच, तिथे जिलबी उभी. आत कोंडलेली ती पोर मग किंचाळायची. मी पुन्हा डालं आणायचे. असं करता करता चारोळीने खाणंच सोडलं. हिरवीगार हराळी समोर ठेवली तरी तोंड लावेना. हा जीव उपाशी राहिला की पाहता पाहता खंगतो, हे पूर्वाने सांगितलेलं होतं. मी घाबरून तिला फोन लावला आणि डाल्यासकट सगळं सांगितलं.

“रक्त निघालं का, आजी?”

“नाही.”

“मग वेगळं कायले केलं तू? वेगळं केलं की त्यायले पुन्हा पहिल्यापासून ठरवा लागते नं!” आणि मग तिचा आवाज बारीक झाला. “बाबा म्हणतात, जमत नसन तर चारोळीले देऊन टाकू कोणाले. आपल्याकडं पिंजरा एकच आहे.”

त्या बारीक आवाजाने मला कामाला लावलं. सगळी ओसरी पुसून काढली, जुना बिछाना फेकला, भाताचं नवं, कोरडं तणस अंथरलं, म्हणजे कुणाच्याच वासाची मालकी नको. कोंडणारं ते खोकं हलवलं. आढ्यावर बसवायची रुंद, अर्धगोल कवेलं परसात पडून होती. ती विटांवर टेकवून दोन्ही बाजूंनी मोकळे बोगदे केले. हराळीचे ढीग दूर दूर, त्यांवर पेरूच्या फोडी, पाणी दोन ठिकाणी. मग तिघींना एकदमच सोडलं. आता उरलं सगळ्यांत अवघड काम: हात मांडीवर ठेवणं.

घुमारा उठला. हनुवट्या वर झाल्या. जिलबी झेपावली, चारोळी कवेलूत शिरली, आणि माझा हात आपोआप डाल्याकडे गेला. तो मधेच धरला बाईने. शेजारच्याच घरात तिची चूल, गुडघे गेलेले, तरी तमाशा बघायला ती काठी टेकत आली होती.

“रक्त निघालं का?”

“नाही, पण...”

“मंग चाल. पोपटीच्या शेंगा तोडाच्या आहेत.”

मला परसात ओढत नेऊन तिने वेलावरच्या त्या वालासारख्या शेंगा तोडायला लावलं. माझे कान ओसरीकडे. एकदा किंचाळी ऐकू आली, मग कडकडाट, मग काहीच नाही. ती शांतता मला कडकडाटाहून भयंकर वाटली. पदरातल्या शेंगा सांडत मी धावले.

जिलबी मधल्या ढिगावर पसरली होती. चारोळी तिच्यासमोरून मान खाली घालून गेली, बारीकसं काही बोलली, आणि जिलबीने नुसते कान हलवले. त्या खाली घातलेल्या मानेला मी शांती म्हणू की हार? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पुढच्याच क्षणी त्या काळ्या कार्टीने जिलबीच्या पाठीमागून पेरूची फोड पळवली, कवेलूच्या एका तोंडाने आत, दुसऱ्याने बाहेर, आणि बुंदीच्या शेजारी बसून कुरूकुरू खाऊ लागली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मात्र न बोलावता आलेलं.

संध्याकाळी शेंगा सोलता सोलता मी बाईला विचारलं, “बाई, आपलं भांडण कवा मिटलं असन?” मला वाटलं होतं, ती म्हणेल, तुझा स्वभाव निवळला तेव्हा. निदान, माझे केस पिकले तेव्हा. तिने एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि वर न बघता म्हणाली,

“बुढी सासू लेकीकडं लाखनीले जाऊन राह्यली होती नं, तवा. न्याव कराले कोनी नोहतंच घरात. मंग आपुन भांडाव कोनासाठी वं?”