मागच्या सीटवरची प्रज्ञा

या ग्रुपवर मी आहे ती निव्वळ टाइमपाससाठी. तुमचे अनुभव सकाळी चहा पिताना वाचायचे आणि हसायचं, एवढंच. पांढरी साडी, उलटे पाय… अरे, कुणाला वेळ आहे? मी चारकोपला राहते, एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. मशीन दाखवतं तेवढंच खरं, असला आपला खाक्या. आता मीच लिहायला बसलेय, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

प्रज्ञा माझी शाळेपासूनची मैत्रीण. आमच्या खालच्याच मजल्यावर वाढली, लग्नानंतर चेंबूरला गेली. तिच्या माहेरी देव, भूत, काहीच चालत नाही, त्यामुळे या बाबतीत ती माझ्याही वरताण. माझ्या पप्पांचा तिच्यावर भारी जीव होता. दर रविवारी त्यांच्या हातचा तळलेला बांगडा आधी तिच्या ताटात पडायचा, मग माझ्या.

पप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. त्याआधी अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते आणि ही बाई एकदाही फिरकली नाही! बाराव्यालासुद्धा नाही. एक मेसेज आला, ‘काळजी घे’. बस. मी बोलणंच टाकलं.

मग या नोव्हेंबरात तिचाच फोन. ‘रेश्मे, रविवारी स्कूटरवरून वज्रेश्वरीला जाऊ या का? कॉलेजसारखं?’ मी लगेच हो म्हटलं. वाटलं, सॉरी म्हणायला बोलावतेय. मला तिच्याकडून तेवढं एकच हवं होतं.

सकाळी साडेनऊला निघालो. दहिसर, घोडबंदर, खाडीचा पूल, हायवेने शिरसाड फाटा आणि तिथून उजवीकडे आत. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, वर हेल्मेट… सख्खी आई ओळखणार नाही असा दोघींचा अवतार. आमची कॉलेजपासूनची एक पद्धत आहे. ती मागे नीट बसली की माझ्या उजव्या खांद्यावर दोन थापट्या मारते. मी मागे वळून बघत नाही, आरशातही नाही. दोन थापट्या पडल्या की गाडी सुटली.

रस्ताभर मॅडमची टकळी चालू. नवऱ्याची बदली, सोसायटीचं पाणी, नणंदेचं लग्न. पप्पांचं नाव नाही. मी आतल्या आत नुसती धुमसत होते.

पारोळच्या पुढे एक एसटीची शेड आहे. साडेअकरा वाजले असतील. लख्ख ऊन, दोन्ही बाजूंना भात कापलेली शेतं, आसपास चिटपाखरू नाही. प्रज्ञा म्हणाली, ‘थांब गं, मी जरा मागे जाऊन येते. आता धीर निघत नाही.’ ती शेडच्या मागे गेली. मी सीटवर बसूनच मोबाईलवर रस्ता बघत होते, इंजिन चालूच होतं. थोड्या वेळाने सीट दबली. खांद्यावर दोन थापट्या. मी निघाले.

एक-दोन किलोमीटर गेलो असू. मग माझ्या पाठीला डोकं टेकवून म्हणाली, ‘रेशू, सॉरी गं.’

मी गाडीचा वेग कमी केला.

‘काकांच्या वेळी मी यायला हवं होतं. त्यांनी मला सायकल शिकवली होती. गुडघा फुटला तेव्हा स्वतःचा रुमाल बांधला होता त्यांनी. मी घाबरले गं. मला त्यांना तसं बघायचं नव्हतं.’

रुमालाची गोष्ट खरी होती. मला धाय मोकलून रडू आलं. गॉगलच्या आत डोळे भरले, समोरचा रस्ता दिसेना. दोन वर्षांचा सगळा राग तिथेच उतरला.

तेवढ्यात कानातल्या इअरफोनवर रिंग वाजली. हँडलवरच्या मोबाईलवर नाव होतं — प्रज्ञा. मी रडता रडता हसले. ‘अगं, तुझ्या पर्समध्ये बटण दाबलं गेलंय. मलाच फोन लागलाय!’

‘कट कर ना,’ ती म्हणाली. मी कट केला.

परत रिंग. या वेळी उचलला.

‘रेश्मे! डोकं फिरलंय का तुझं? मला इथेच टाकून कुठे गेलीस?’ प्रज्ञाचाच आवाज, रडवेला. ‘बाईकवर दोन माणसं आलीत. शेडसमोरून तिसऱ्यांदा फिरतायत. लवकर ये ना यार… मला भीती वाटतेय.’

कानात प्रज्ञा रडत होती. आणि पाठीला डोकं टेकलेलं होतं, त्याचं वजन मला कळत होतं, शर्टातून श्वासाची ऊब लागत होती. आरशात स्कार्फ, गॉगल, हेल्मेट. आमच्यासारखंच.

मागून अगदी शांतपणे आवाज आला. ‘तिचं ऐकू नकोस. ती कधी तुझ्यासाठी आली होती?’

फोन कट झाला.

मी गाडी थांबवली, दोन्ही पाय टेकवले आणि मागे वळले. सीट रिकामी होती. पण तिच्यावर खड्डा होता, माणूस बसल्यावर पडतो तसा. तो माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर आला.

मी गाडी कशी वळवली ते देवाला ठाऊक. शेडपाशी आले तर प्रज्ञा होती. गवताचा भारा घेऊन चाललेली एक मावशी तिच्याजवळ थांबली होती, म्हणून ते बाईकवाले निघून गेले होते. मावशी नसती तर? तो विचार मी अजून पुरा करू शकत नाही. मी जवळ जाऊन हेल्मेट काढताच प्रज्ञाने एक सणसणीत कानाखाली दिली आणि मग गळ्यात पडून रडली.

‘फोन का कट केलास?’

‘रेंज गेली,’ मी म्हटलं.

वज्रेश्वरी राहिलं. तिथूनच परत फिरलो. घरी आल्यावर तिला एवढंच सांगितलं की मागे कुणीतरी बसलं होतं. तिचा नवरा म्हणतो, ऊन, रिकामं पोट, मनावरचा ताण. असेलही. पण मग थापट्या कुणी मारल्या? रुमालाचं तिसऱ्या कुणाला माहीत होतं?

‘काही बोललं का ते?’ प्रज्ञाने विचारलं होतं. मी म्हटलं, काही नाही. पप्पांचा विषय तिने अजूनही काढलेला नाही.

आणि एक गोष्ट मी वर खोटी लिहिलीय. रेंज गेली नव्हती. तो फोनही मीच कट केला. प्रज्ञा तिथे एकटी आहे हे कळल्यावर मी लगेच थांबलेही नाही, पुढचं गाव येईपर्यंत गाडी चालवत राहिले. कारण मागची अजून पप्पांबद्दल बोलत होती, आणि मला ते ऐकायचं होतं.