थांब मॅडम

आमच्या ऑफिसात कुणाचं बोट एंटरकडे वळलं की मागून आवाज यायचा, "थांब." पाठ करून बसलेल्या वाघमारे मॅडमना ते कसं कळायचं, देव जाणे. मग त्या खुर्ची वळवून विचारायच्या, "आता काय होणार, ते आधी मला सांग." सांगता आलं तर पुढे जायचं. नाही आलं तर हात खाली. त्यामुळे सगळे त्यांना मागून 'थांब मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

मालाडला स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत आम्ही आठ जण बसायचो. रक्तपेढ्यांसाठी आम्ही एक वेब अ‍ॅप बनवलं होतं. कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, ते हॉस्पिटलांना आणि पेशंटच्या नातेवाइकांना त्यात दिसायचं. मॅडम आमच्यात सगळ्यात मोठ्या. वडील अकोल्याकडून येऊन ट्रॉम्बेला माळीकाम करायचे, तिथल्या चाळीतच त्या वाढल्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण समजावायला बसल्या की घड्याळाकडे बघत नसत.

त्यांच्याकडे काच तडकलेला एक जुना फोन होता. नवीन पान तयार झालं की तो घेऊन त्या जिन्यात जायच्या, कारण तिथे नेटवर्क धड मिळत नसे. "तुझ्या भारी लॅपटॉपवर सगळंच झकास दिसतं गं," त्या म्हणायच्या. "ज्याचा माणूस हॉस्पिटलात आत झोपलाय, त्याच्या फोनवर काय दिसतं ते बघ." बॅकअपबद्दलही तसंच. "बॅकअप आहे असं मला सांगू नकोस. शेवटचा कधी उघडून पाहिलास, ते सांग."

मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. मी पार्ल्याची, चांगल्या कॉलेजातून आलेली, आणि मला सगळ्याची घाई. रक्तपेढ्यांची तक्रार होती की नवी पिशवी नोंदवताना रक्तगट भरायचा राहिला की फॉर्म अडतो आणि काम खोळंबतं. मी सोपा उपाय काढला. त्या रकान्यात 'ए पॉझिटिव्ह' आधीच निवडून ठेवलं. वेगळा गट असेल तर बदला. मॅडमनी पाहिल्याशिवाय काहीही लाइव्ह करायचं नाही, हा नियम होता. पण त्या दिवशी त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, आणि कंपनीचे मालक, आमचे साहेब, डोक्यावर उभे होते. मी ते तसंच लाइव्ह करून टाकलं. नंतर त्यांना सांगितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोरिवलीच्या एका रक्तपेढीतून पेडणेकर नावाच्या टेक्निशियनचा फोन आला. मॅडमनी स्पीकर लावला.

"मॅडम, स्क्रीनवर ए पॉझिटिव्हच्या दहा पिशव्या दिसतायत. फ्रिजमध्ये सातच आहेत. आणि बी पॉझिटिव्हच्या तीन जास्त. काय भानगड आहे?"

मॅडम वळल्या. "त्या फॉर्मला हात कुणी लावला?"

"मी," मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आधी अख्खी साइट बंद केली. साहेब केबिनमधून धावत आले. "अहो, दुपारी नवीन हॉस्पिटलला दाखवायचंय! बंद काय करताय?"

"साहेब, साइट बंद असली की लोक फोन करतात. चुकीची असली की विश्वास ठेवतात."

मग आम्ही त्या तीन दिवसांतली एकेक नोंद प्रत्येक रक्तपेढीच्या वहीशी फोनवर ताडून पाहिली. बाकी सगळीकडे बरोबर निघालं. बोरिवलीच्या चार नोंदी चुकल्या होत्या. घाईत तो रकाना बदलायचा राहून गेला होता. तीन पिशव्या फ्रिजमध्येच होत्या. चौथी सकाळीच मुलुंडच्या एका हॉस्पिटलला गेली होती. पिशवीच्या लेबलवर बी होतं, पण आमच्या अ‍ॅपमधून छापलेल्या चिठ्ठीवर ए. पेशंटच्या रक्ताशी जुळणीची तपासणी तिथेच व्हायची होती. ती झाली की नाही, कोण सांगणार?

हॉस्पिटलचा फोन एंगेज. परत एंगेज. पेडणेकर त्यांच्या बाजूने लावत होते, आम्ही आमच्या. मॅडम नंबर दाबत होत्या आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून आत झोपलेल्या त्या माणसाचा विचार करत होते, ज्याचं नावही मला माहीत नव्हतं.

शेवटी एका सिस्टरने उचलला. मॅडमनी पिशवीचा नंबर सांगितला. ती बघायला गेली. ऑफिसात कुणी हलत नव्हतं.

"लावली नाहीये," ती परत येऊन म्हणाली. "लेबल आणि चिठ्ठी जुळेना, म्हणून बाजूला ठेवलीय. आम्ही तुम्हालाच फोन करणार होतो."

मॅडम खुर्चीत बसल्या आणि दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून घेतला. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुपारी साहेबांनी सांगितलं, सगळ्यांना मेल करा, सर्व्हरमध्ये तांत्रिक बिघाड झाला होता. मॅडमनी वेगळंच लिहिलं. आमच्या फॉर्ममध्ये आम्ही चूक केली, इतक्या नोंदी चुकल्या, त्या नोंदी या, पुन्हा तपासा. माझं नाव त्यात नव्हतं. साहेबांनी स्क्रीनवर वाचलं.

"हे गेलं तर आपली वाट लागेल. पाठवलंत तर उद्यापासून येऊ नका."

"सर्व्हर बिघडला म्हटलं तर त्या वह्या परत कोण तपासणार, साहेब?" असं म्हणून त्यांनी मेल पाठवला.

त्या सामान आवरायला लागल्या. डबा, चार्जर, एक स्वेटर. मी जवळ गेले. "मॅडम, मी साहेबांना सांगते, चूक माझी होती. न दाखवता मीच लाइव्ह केलं होतं."

"साहेबांना सांगून काय होणार?" त्या बॅगेची चेन लावत म्हणाल्या. "पेडणेकरांना सांग. उद्या सकाळी त्याच स्क्रीनसमोर त्यांना बसायचंय."

मी नंबर लावला. पेडणेकरांनी उचलला तेव्हा मी एका दमात सगळं बोलून टाकलं: तो रकाना मी भरून ठेवला होता, कुणाला दाखवलं नाही, आता ते काढून टाकलंय.

"नाव काय तुमचं?" त्यांनी विचारलं.

"मनाली."

"लिहून घेतो. यापुढे काही वेगळं दिसलं, तर थेट तुम्हालाच फोन करीन."

फोन ठेवून वळले, तर मॅडम निघून गेल्या होत्या. त्यानंतर मीही दोन नोकऱ्या बदलल्या. आता घाटकोपरला असते आणि रक्तपेढ्यांशी माझा काही संबंध राहिलेला नाही. पेडणेकर मात्र कुठल्याही स्क्रीनवर काही खटकलं, की अजून मला फोन करतात.