आनंदीने दिलेली डबल बेल

कट्टा गावचे गुलामभाई टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीट काढून आत ओटा, पलंग आणि संडास बसवून देतात. शहरातले लोक तिला कॅरॅव्हॅन म्हणतात, आमच्याकडे बिऱ्हाडगाडी. किल्ली देताना गुलामभाई एकच अट घालतात, "समुद्रावर मगे जावा. आदी जामसंड्याक जावन अप्पा घाड्यांका भेटा." माणसं कुरकुर करतात. तारकर्लीचा किनारा पंधरा-वीस किलोमीटरवर असताना उलट दिशेला, देवगडच्या बाजूला, दोन तास कशाला जायचं, असं त्यांना वाटतं. पण गुलामभाईंपुढे कोणाचं काही चालत नाही.

गेल्या मार्गशीर्षात शौनक आणि गौरजा असेच आले. नवं लग्न, नवी गाडी. अप्पांनी चष्मा पुसला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"चार स्पीकर बसवलेत. आग विझवायचा सिलिंडर कुठाय?"

शौनक गौरजाकडे बघायला लागला.

अप्पा एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर. बोलायला लागले की ऐकणाऱ्याने मुकाट ऐकावं. सामान भरून झाल्यावर गाडीचं वजन करा, मग टायरची हवा ठरवा. जड सामान खाली, हलकं वर, प्रत्येक कपाटाला कडी. चाकाखाली लावायला लाकडाचे चार ठोकळे, खाऱ्या हवेत एकट्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही. गाडी सपाट उभी आहे का ते बघायला थाळीत पाणी ओता, कुठल्या बाजूला जातं ते बघा. गॅस चालत्या गाडीत बंद, आणि शेगडी पेटवली की खिडकी उघडी, कितीही थंडी असो. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी, खरकट्या पाण्याची वेगळी, आणि ती दुसऱ्याच्या माडाच्या मुळाशी रिकामी करायची नाही. पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालायची नाही, माडाखाली उभी करायची नाही. शौनक भराभर मोबाइलवर लिहून घेत होता.

गौरजा मात्र मांगरात, घराजवळच्या शेडमध्ये, उभ्या असलेल्या अप्पांच्या बिऱ्हाडगाडीत शिरली होती. आत छोटंसं स्वयंपाकघर. कडाप्प्याचा ओटा, वर फळी, फळीवर डबे ओळीने. आणि छताला दारापासून पुढच्या केबिनपर्यंत सात-आठ कड्या, रिकाम्या.

"काका, या कड्या कशासाठी?"

अप्पा म्हणाले, "तेच सांगायला गुलाम माणसं इकडे पाठवतो."

अप्पांची बायको आनंदी. नवरा एसटीत, पण बाई देवगडच्या पुढे फारशी गेली नाही. सासूचं दुखणं, गुरं, कलमं. अप्पा वस्तीची गाडी घेऊन गेले की रात्र परगावी काढायचे, सकाळी परत फिरायचे. किती गावं झाली असतील वस्तीची! आनंदी डबा बांधून द्यायची आणि फाटकापर्यंत येऊन गाडीची पाठ बघायची. तिने आयुष्यात नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. "माका एकदा तुमच्या वस्तीक येवचा आसा. तुमी खंय निजतात ता बगूचा आसा." अप्पा म्हणायचे, "रिटायर होव दी गो." काय हे आपले पुरुष! बायकोची हौस पेन्शनीच्या दिवसांवर ढकलून मोकळे.

ते दिवस आले तेव्हा आनंदी विसरायला लागली होती. आधी मीठ, मग शेजारणींची नावं. डॉक्टर म्हणाले, यातून माघारी येणं नाही, आणि परक्या जागेत ती घाबरेल. अप्पांना कळून चुकलं की आता दिवस थोडे आहेत. आपल्याला ओळखते आहे तोवर तिला ती गावं दाखवायची, बस. त्यांनी गुलामभाईंना घरी बोलावलं आणि तिच्या स्वयंपाकघराची मापं घ्यायला लावली. तोच ओटा, तीच फळी, हळदीनंतर मिरचीचा डबा तो तसाच. ती घाबरणारच नाही अशी गाडी बनवायची होती.

केबिन आणि मागची खोली यांच्यात भिंत होती. आनंदीला काही हवं झालं तर हाक कशी मारणार? मोबाइल तिला जमेना. तेव्हा अप्पांनी एसटीतल्यासारखी दोरी बांधून घेतली, छताच्या कड्यांतून दारापासून केबिनपर्यंत, टोकाला घंटा. एकदा वाजली की थांबायचं, डबल बेल म्हणजे चला. आनंदी केवढी हसली! "आता माका कंडक्टर केलात?" आणि खरं सांगायचं तर डाळीत मीठ विसरणारी ती बाई बेल कधी चुकली नाही. अप्पांना त्याचा भारी अभिमान. पेट्रोल पंपावर माणसांना थांबवून सांगायचे.

तीन दिवस सोन्यासारखे गेले. एका गावात अप्पांनी तिला शाळेचा व्हरांडा दाखवला, जिथे ते पथारी पसरायचे. आनंदीने त्या लादीवर हात फिरवला. "हंय निजायचात?" एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले. ते आठवलं की अप्पांना आजही अन्न गोड लागत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी एका तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, चहाला थांबले. आनंदीचा चहा तिला मागे नेऊन दिला, कप आणून परत केला, केबिनमध्ये चढले. डबल बेल झाली. चौतीस वर्षांची सवय. डबल बेल झाली की ड्रायव्हर मागे बघत नाही, ते काम कंडक्टरचं. अप्पांनी गाडी सोडली.

पुढचा रस्ता त्यांच्या ऐन उमेदीतल्या वस्तीचा. अप्पा भिंतीकडे मान करून मोठ्याने बोलत राहिले. या वळणावर एकदा ब्रेक गेले होते, तेव्हा देवाचं नाव नव्हतं तोंडात, तुझं होतं. पलीकडच्या वाडीतली म्हातारी पेज द्यायची, तुझ्यासारखी व्हायची नाही. आनंदी, मी तुला कधी बोललो नाही, पण फाटकात तू उभी असायचीस ना, ते मी आरशात बघायचो. पार कोपऱ्यावर वळेपर्यंत बघायचो. सगळ्या संसारात जे बोलले नव्हते ते त्या पाऊण तासात बोलून झालं. मागून हूं नाही की चूं नाही. डोळा लागला असेल, असं त्यांना वाटलं.

वस्तीचं गाव आलं. अप्पांनी उतरून मागचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं.

आनंदीची बेल त्या दिवशीही चुकली नव्हती. तिला वाटलं असेल, आपला थांबा आला. ती उतरली, पायरीवरून दोरी दोनदा ओढली, दार लावून घेतलं. उतारू उतरला की गाडी सोडायची, तेच तिने केलं. दोरी दारापर्यंत आणायची अक्कल अप्पांचीच.

ते कसे माघारी आले ते त्यांना सांगता येत नाही. तिठ्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये आनंदी पदर सावरून बसली होती. चहावाली काशीबाई शेजारी तिचा हात धरून. अप्पांच्या जिवात जीव आला. "गो आनंदी, मी इलंय!"

तिने मान वर केली. "तुमी खंयचे?" मग काशीबाईकडे वळून म्हणाली, "माजे घोव एसटीत डायवर आसत. तेंची गाडी आता येतली."

अप्पांनी हात जोडले, लग्नाचं साल सांगितलं, सासरमाहेर सांगितलं. ती अंग चोरत गेली. "परक्याच्या गाडयेत मी बसूचंय नाय." भरउन्हात माणसं जमली. कोणीतरी अप्पांना ओळखीचा पुरावा विचारला.

तेवढ्यात देवगडची एसटी आली. खाकीतला ड्रायव्हर बघून आनंदी उठली आणि हसत हसत गाडीत चढली. ड्रायव्हर विनीत अप्पांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला सगळं समजलं, त्याने तिला आपल्या मागच्या सीटवर बसवलं. आनंदी नवऱ्याच्या एसटीत बसली ती अशी. रिकामी बिऱ्हाडगाडी घेऊन अप्पा त्या एसटीच्या मागे देवगडपर्यंत आले. दर थांब्यावर डबल बेल ऐकू यायची आणि अप्पा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायचे.

घरी आल्यावर त्यांनी आपला खाकी शर्ट पेटीतून काढून अंगात घातला. आनंदी रागावली. "तेंचो शर्ट तुमी कित्याक घातलात?" तो शर्ट त्यांनी पुन्हा घातला नाही.

गौरजा पदराने नाही, पण ओढणीने डोळे पुसत होती. शौनकचा मोबाइल केव्हाच खिशात गेला होता. निघताना गौरजा मागे बसली, तो पुढे चढला आणि चावी फिरवली.

"उतर!" अप्पा खेकसले. "मागे जा. तिचं तोंड बघून ये, मग गाडी सोड. दर थांब्याला. कॅमेरा नको, बेल नको, स्वतः जायचं." शौनक उतरला, मागे जाऊन आला. तेव्हाच अप्पा बाजूला झाले.

गाडीचा आवाज ऐकून आनंदी पडवीत आली. "तेंची गाडी काय?"

"नाय गो. तेंची येतली. वाटेत उशीर झालो आसतलो."

"मगे तुमी जेवन घेवा. पावण्यान उपाशी ऱ्हवाचा नाय."

तिने अप्पांना केळीचं पान मांडलं. नवऱ्याचं पितळी ताट वाढून त्यावर झाकण ठेवलं आणि फाटकाकडे तोंड करून बसली. दोन वर्षं झाली, अप्पा आपल्या घरात पानावरच जेवतात.