सात नंबरचा आरसा

कारभारी भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. निफाडच्या द्राक्षबागेत मन रमेना म्हणून अंबडला ह्यांच्या वर्कशॉपमध्ये आले आणि काच घासायला बसले ते बसलेच. डाग असलेली वस्तू त्यांनी कधी दाराबाहेर जाऊ दिली नाही. माझी पोळीसुद्धा उजेडात धरून बघतात.

२००५ च्या दसऱ्याआधी त्यांनी डोंगरावरच्या एका दुर्बिणीसाठी बारा आरसे केले. खंडेनवमीला मी ताट घेऊन गेले. लेथला, ड्रिलला हळदकुंकू वाहिलं आणि देवाचं नाव घेत सात नंबरच्या आरशालाही ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं.

तासाभराने भावजींनी पाहिलं, तोवर कुंकू वाळलं होतं.

"वहिनी, काय केलंत हे!"

या आरशांचा चकाकीचा मुलामा घरच्या आरशासारखा काचेमागे नसतो, पुढेच उघडा असतो, हे मला कुठून ठाऊक! कुंकवातल्या चुन्यानं तो खाल्ला. धुतल्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी काच उघडी पडली. त्या रात्री भावजी जेवायलाच आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आरसे न्यायला वेदिका आली, दुर्बिणीवर काम करणारी मुलगी. मी काही बोलायच्या आत भावजी म्हणाले, "मॅडम, सात नंबर माझ्या हातून बिघडला. आठ दिवस द्या, नवा मुलामा चढवून आणतो."

"खोटं बोलताहेत," मी म्हटलं. "माझं कुंकू आहे ते."

वेदिका हसली, पण पुढचं घाईनं बोलली. खूप लांब एक आकाशगंगा आहे म्हणे, रेडिओच्या दुर्बिणींना पूर्वीपासून ओळखीची. तिच्या मधोमध कृष्णविवर, आणि तिथून दोन बाजूंना झोत सुटतात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. त्यातले गॅमा किरण आपल्या हवेवर आदळले की निळसर चमक उठते. डोळ्यांना दिसायच्या आत विझते. तीच हे आरसे टिपतात.

"सध्या तो झोत भडकलाय, काका. आठ दिवसांत शमला तर?"

"आणि डागामुळे एखादी चमक हुकली तर?"

"आरसाच नसला तर जास्त हुकतील ना!"

भावजी तीनदा आरशापाशी जाऊन आले. शेवटी स्वतःच तो कापडात गुंडाळून गाडीत ठेवला. गाडी निघाली तरी रस्त्यावर उभेच.

पुढचे दिवस रोज विचारायचे, "फोन आला?" मी जपाला बसले तरी मन फोनपाशी. सतराव्या दिवशी वेदिकाचा फोन आला. झोत अजून भडकलेलाच होता, चमका मिळाल्या होत्या. मी देवापुढे साखर ठेवली.

भावजींनी रिसीव्हर घट्ट धरला. "सात नंबरमधून किती आल्या?"

"तसं वेगळं नाही हो सांगता येत. सगळ्यांचा उजेड एकाच ठिकाणी पडतो."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "म्हणजे कधीच कळणार नाही, वहिनी."

साखर त्यांनी घेतली, पण हातातच धरून बसले.